'त्याच्या' धर्माचा 'तो' कोण?

एका वाचकाने विचारलं आहे: 'त्याच्या धर्माच्या आधारावर मत मागू नये' या निवडणूक कायद्यातल्या नियमात 'त्याच्या' म्हणजे कोणाच्या? आणि एवढ्याशा सर्वनामासाठी सर्वोच्च न्यायालयात सात न्यायाधीश बसले होते, हे खरं का?

खरं आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार एखाद्याला 'त्याच्या' धर्म, वंश, जात, समाज वा भाषेवरून मत द्या किंवा देऊ नका, असं आवाहन उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने कोणी केलं, तर ते भ्रष्ट आचरण ठरतं. निवड रद्द होऊ शकते. गंमत म्हणजे हे सर्वनाम आधी तिथे नव्हतंच. १९६१ च्या दुरुस्तीत ते आलं आणि 'पद्धतशीर' आवाहन यातला 'पद्धतशीर' गेला.

सांताक्रूझमधून १९९० साली निवडून आलेल्या अभिराम सिंह यांच्या खटल्यात २ जानेवारी २०१७ ला निकाल लागला, ४ विरुद्ध ३. बहुमत म्हणालं, 'त्याच्या'त उमेदवार, आवाहन करणारा आणि मतदार, सगळे आले. अल्पमत म्हणालं, ज्याला मत द्यायचं किंवा नाकारायचं तो उमेदवारच. मतदाराच्या जातीधर्मामुळे त्याच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल बोलायला बंदी नको.

इंग्रजी मसुद्यातल्या 'हिज'ला धनी कोणीही मिळू शकतो. मराठीत मात्र 'कोणत्याही व्यक्तीला तिच्या धर्मावरून मत द्या' असं लिहिलं की वाद मिटला. 'व्यक्ती' स्त्रीलिंगी, म्हणून 'तिच्या' तिलाच चिकटतं; पुल्लिंगी 'मतदार' आपोआप बाहेर. (मसुदा लिहिणाऱ्याने 'कोणालाही त्याच्या' असं लिहिलं, की पुन्हा पंचाईत!) म्हणजे आपलं व्याकरण अल्पमताच्या बाजूला झुकतं.

पण प्रचाराच्या व्यासपीठावर 'त्याचा' म्हणतो कोण? तिथे 'आपला' चालतो. 'आपला माणूस' म्हटलं की बोलणारा, ऐकणारा आणि मत घेणारा, तिघेही एका शब्दात मावतात. 'आमचा माणूस' म्हणालात तर समोरचा बाहेर राहिला, मग तो मत कशाला देईल? बहुमताने तो 'हिज' जणू 'आपला' म्हणून वाचला. मला विचाराल तर व्याकरण अल्पमताचं बरोबर, कान बहुमताचा तयार.

'भाषेवरून' या शब्दाचीही अशीच एक खोच आहे. भाषेच्या रक्षणासाठी मत मागणं म्हणजे भाषेवरून मत मागणं नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये जगदेव सिंह सिद्धांती यांच्या खटल्यात म्हटलं. तेव्हा 'मराठी शाळा टिकवायला मला मत द्या' हे चालेल. 'त्याची मातृभाषा मराठी नाही, त्याला मत देऊ नका' हे मात्र थेट कलमात अडकेल, आणि तिथला 'त्याची' कोणाचा, याबद्दल सातही जणांचं एकमत होतं.