लाँग बीचची बायोलॉजी की कम्युनिटी कॉलेजची डेंटल हायजीन?

प्रश्न थोडक्यात असा: टॉरन्समध्ये (कॅलिफोर्निया) राहणारं कुटुंब, सगळ्यांकडे ग्रीन कार्ड, दोघांचं मिळून उत्पन्न १,५२,००० डॉलर. मुलीने २०२४ च्या फॉलपासून (शरद सत्रापासून) कम्युनिटी कॉलेजात (मुख्यतः दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज) ६० युनिट (श्रेयांक) पुरी केली. २०२६ च्या फॉलला घरून जाऊन-येऊन करता येतील असे दोन पर्याय आहेत: वेस्ट लॉस एंजेलिस कॉलेज या कम्युनिटी कॉलेजची डेंटल हायजीनमधली (दात साफ करून त्यांची निगा राखण्याचं काम) बॅचलर्स किंवा कॅल स्टेट या सरकारी विद्यापीठाच्या लाँग बीच कॅम्पसला बायोलॉजी. ५२९ खात्यात (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) ३८,००० डॉलर आहेत. कम्युनिटी कॉलेजची पदवी दुय्यम ठरेल का, आणि २०२४ चं टॅक्स क्रेडिट घ्यायचं राहिलं ते बुडालं का, असं आईने विचारलं आहे.

ताई, आधी फी बघू. कम्युनिटी कॉलेजात पहिल्या दोन वर्षांच्या विषयांना युनिटमागे ४६ डॉलर पडतात. बॅचलर्सच्या वरच्या विषयांना त्यावर ८४, म्हणजे १३० डॉलर. ६० युनिटचे ७,८०० झाले. लाँग बीचची नुसती ट्यूशन २०२६-२७ ला ६,८३८ आणि पुढच्या वर्षी ७,२४८, मिळून १४,०८६. कॅम्पसची फी वेगळी. फरक सहा हजारांच्या थोडा वर. पण हायजीनच्या हत्यारांच्या किटला, युनिफॉर्मला आणि लायसन्सच्या परीक्षांना काही हजार जातात. तो आकडा कॉलेजकडून लेखी मागवा. फरक तिथेच बराचसा आटतो, त्यामुळे स्वस्त म्हणून हा कोर्स निवडू नका.

खरा पैसा पुढच्या दोन-तीन वर्षांच्या पगारात आहे. हायजीन करून मुलगी २०२८ मध्ये लायसन्स घेऊन कामाला लागू शकते. नुसत्या बायोलॉजीवर कुठलंच लायसन्स मिळत नाही. पुढे हायजीनकडेच यायचं ठरलं तर कोर्सची वर्षं नव्याने द्यावी लागतात, आणि तेवढ्या वर्षांचा पगार सहा हजारांच्या कितीतरी पट असतो. मात्र तिच्या मनात डेंटिस्ट व्हायचं असेल तर लाँग बीचच. डेंटल स्कूलला ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स लागतं. हायजीनच्या कोर्समध्ये ते बसत नाही, मग पदवीनंतर वेगळी युनिट भरत बसावं लागतं. हे तिलाच विचारा, तुम्ही ठरवू नका.

दुय्यमपणाची काळजी सोडा. २०१४ च्या कायद्याने कम्युनिटी कॉलेजांत बॅचलर्स देणं प्रयोग म्हणून सुरू झालं आणि २०२१ ला कायम झालं. मुख्य अट अशी, कॅल स्टेट किंवा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया देते तीच पदवी इथे द्यायची नाही. मास्टर्सला ही पदवी चालते. पण दवाखान्यात तासाचा दर बॅचलर्समुळे फारसा वाढत नाही, लायसन्सला असोसिएट (दोन वर्षांची) पदवीही पुरते. बॅचलर्सचा उपयोग शिकवायला, पब्लिक हेल्थला. आणखी एक खाचखळगा: बऱ्याच हायजिनिस्ट दोन-तीन दवाखान्यांत अर्धवेळ काम करतात, त्यात बहुधा विमा नसतो, ४०१(के) (नोकरीतलं निवृत्तीचं बचत खातं) नसतो. २६ वर्षांची होईपर्यंत ती तुमच्या विम्यावर राहू शकते, तेवढा आधार आहे. आणि शिकताना क्लिनिक दिवसाचं असतं, पार्टटाइम नोकरीची कमाई हिशेबात धरू नका. एक विषय नापास झाला तर बहुधा पुढच्या बॅचपर्यंत थांबावं लागतं.

आता क्रेडिट. २०२४ चं राहिलं ते बरंच झालं! अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट चारच वेळा मिळतं: शिक्षणाच्या पहिल्या २,००० डॉलर खर्चावर पूर्ण, पुढच्या २,००० वर २५ टक्के. चार वर्षांचं शिक्षण पाच टॅक्स वर्षांत पसरतं, एक वर्ष सोडावंच लागतं. २०२४ मध्ये १५ युनिटचे ६९०च डॉलर होते. तेच क्रेडिट २०२८ च्या स्प्रिंगला (वर्षाच्या सुरुवातीच्या सत्राला) १,९५० वर मिळेल. २०२६ मध्ये स्प्रिंगचे ६९० आणि फॉलचे १,९५०, म्हणजे २,६४० होतात. किटचे १,३६० त्यात आले की ४,००० भरतात आणि पूर्ण २,५०० मिळतात. पुस्तकंही धरता येतात, पावत्या जपा.

हे ४,००० खिशातून भरा. ५२९ मधून भरलेल्या खर्चावर क्रेडिट मागता येत नाही, घोळ नेमका इथेच होतो. ५२९ मधून लॅपटॉप, उरलेलं किट, आणि ती घरी राहत असली तरी कॉलेजने राहण्या-जेवणाचा जो भत्ता ठरवलाय तेवढी रक्कम काढा. त्यासाठी तिची निदान अर्धवेळ नोंदणी हवी.

बोनस मिळाला तर सावध राहा. एकत्र रिटर्नवर १,६०,००० च्या पुढे क्रेडिट घटू लागतं, १,८०,००० ला शून्य. वर जात असाल तर प्री-टॅक्स ४०१(के) मध्ये भरणं वाढवा, म्हणजे करपात्र उत्पन्न घटेल. फाफ्साही (सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज) दरवर्षी २ मार्चच्या आत भरा. कॅलिफोर्नियाची मिडल क्लास स्कॉलरशिप तुमच्या उत्पन्नातही मिळू शकते आणि कम्युनिटी कॉलेजच्या बॅचलर्सलाही लागू आहे.

५२९ मध्ये तरीही बरंच उरेल. धाकटं भावंड असेल तर लाभार्थी बदला. नसेल तर खातं १५ वर्षांचं झाल्यावर मुलीच्या रॉथ आयआरएमध्ये (निवृत्तीचं वैयक्तिक बचत खातं) आयुष्यभरात ३५,००० पर्यंत वळवता येतात, तेही तिची स्वतःची कमाई असलेल्या वर्षी आणि त्या वर्षीच्या मर्यादेत. शेवटच्या पाच वर्षांत भरलेली रक्कम त्यात येत नाही, म्हणून आजपासून खात्यात नवे पैसे टाकणं थांबवा.