लेकराला खरं कधी सांगायचं?

“थोडं मोठं झाल्यावर सांगू की ताई, आत्ताच कशाला?”

बीड-धाराशिवकडच्या गावांत समुपदेशनाचं काम करताना हे वाक्य मी कितीतरी ओसऱ्यांवर ऐकलंय. घरातल्या कर्त्या माणसानं स्वतःचं जीवन संपवलेलं असतं. लेकरांना सांगितलेलं असतं की साप चावला, शॉक लागला, छातीत कळ आली. सांगणारी माणसं खोटारडी नसतात, त्यांना लेकराला जपायचं असतं. दिवस उलटतात, लेकरू शाळेत जायला लागतं आणि मग एके दिवशी आई किंवा आजी मला हळूच विचारते, “खरं सांगायचं का? कधी? कसं?”

विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीत २०२३ या एका सालात मराठवाड्यात १०८८ शेतकऱ्यांच्या आत्महत्या आहेत. त्यातल्या २६९ एकट्या बीड जिल्ह्यातल्या. यातल्या बहुतेक घरांत हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणार. म्हणून एका घराची हकिकत सांगते. ओळख पटेल असं सगळं त्यातून काढलंय.

मला त्या घराकडे पाठवलं ते जिल्हा परिषद शाळेतल्या सरांनी. पाचवीतला मुलगा. अभ्यासात बरा, भांडण नाही, रडणं नाही. पण त्यानं मागणं बंद केलं होतं. वही संपली तरी सांगायचा नाही, जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर लिहायचा. सहलीचं नाव निघालं की पोट दुखायचं. शाळा सुटली की खेळायला न थांबता थेट रानात, आईच्या मागं. सरांचं मला कौतुक वाटतं. दंगा करणारं पोर सगळ्यांच्या नजरेत भरतं, गप्प झालेलं पोर ओळखायला नजर लागते.

आई तिशीतली. नवरा जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. घरात सासू, हा थोरला आणि चार वर्षांची धाकटी. आई म्हणाल्या, “त्याला सांगितलंय, पान लागलं अप्पाला. रात्री पाणी द्यायला गेला होता रानात. तो कधी इचारत बी न्हाई. त्याला काहीच माहीत न्हाई, तेच बरं हाय.” पान लागलं म्हणजे साप चावला.

मी बोलत होते तेवढ्यात तो मुलगा अंधारातून अनवाणी गोठ्याकडे गेला. हातात बॅटरी नाही, पाय आपटणं नाही. गोठ्यामागं कडब्याची गंज, गवत, दगड. बाप साप चावून गेला असं ज्या लेकराला खरंच वाटतं, ते असं जात नाही. त्या क्षणी मला पुष्कळ कळलं. पण आईला ते मी सांगून उपयोग नव्हता, त्यांना ते त्यांच्याच आठवणीतून दिसायला हवं होतं.

इथं माझी कामाची पद्धत सांगते. लेकरू एकटं बिघडत नाही, असं मी मानते. त्याच्या वागण्यात घराचं काहीतरी अडकलेलं असतं, म्हणून मी लेकराला बाजूला घेऊन “दुरुस्त” करायच्या मागं लागत नाही. आधी घर ऐकते. त्यात कागदपत्रंही आली. नवरा गेलेल्या बाईचं निम्मं दुःख फाइलींत अडकलेलं असतं, आणि ते सोडून तिच्याशी मनाच्या गोष्टी बोलणं मला पटत नाही.

म्हणून पहिल्या काही भेटी आम्ही कागदच काढून बसलो. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात सरकार एक लाख रुपये देतं. त्यातले ३० हजार धनादेशानं मिळतात, ७० हजार ठेव म्हणून राहतात. जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा यांतलं कारण कागदांवर दिसावं लागतं. या घराचं प्रकरण बरंच रखडलं होतं आणि अखेर पात्र झालं होतं.

मी त्यांना विचारलं, “त्या दिवसांत घरी कोण कोण आलं होतं?”

“समदेच आले. पोलीस आले, तलाठी आले. कृषी सहायक, ग्रामसेवक. सोसायटीचे. पुढारी आले दोन-तीन. पेपरवाले.”

“सगळे काय विचारायचे?”

“तेच. कर्ज किती होतं, कोणाकोणाचं होतं, सोयाबीन किती झालं, शेवटी काही बोलला का. मी समद्यांना सांगत बसले. सांगून सांगून तोंड दुखलं माझं.”

“आणि थोरला तेव्हा कुठं असायचा?”

त्या लगेच म्हणाल्या, “इथंच की. पाणी द्यायला. पाहुण्यांना पाणी देणारं दुसरं कोण होतं घरात?”

आणि थांबल्या.

मीही काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं तोंड उघडलं की घात होतो. बराच वेळ त्या समोरच्या फाइलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजी त्यानं समदं ऐकलंय. माझ्याच तोंडून ऐकलंय.”

माझ्या कामात मला जे काही उमगलंय, त्यातलं सर्वांत मोलाचं त्या ओसरीवर उमगलं. या घरांत गुपित नसतंच. बाईनं ती गोष्ट दहा लोकांना सांगितलेली असते, फक्त लेकराकडे तोंड करून सांगितलेली नसते. आणि दहा लोकांना सांगितलेली गोष्ट कर्जाची असते, कारण त्यांना तेवढीच हवी असते. समितीला एक कारण लागतं, रक्कम लागते, थकबाकीचा दाखला लागतो. ते बरोबरच आहे, त्याशिवाय मदत कशी देणार? पण दाराआडून ऐकणाऱ्या लेकराच्या वाट्याला तेवढंच वाक्य येतं: पैसे संपले म्हणून अप्पा गेले.

पुढं मुलाशी बोलले तेव्हा वडिलांचं नावही काढलं नाही. गणिताच्या गप्पा चालल्या होत्या, त्यातच विचारलं, “कर्ज म्हणजे काय रे?”

“लई खर्च झाल्यावर होतं ते.”

“कशावर होतो खर्च?”

तो बोटं मोजायला लागला. “दप्तर. बूट. गणवेश. धाकटीचा दवाखाना. माझं पोटाचं दुखणं. दिवाळीचे कपडे.”

बियाणं नाही, खत नाही, फवारणी नाही, पावसानं भिजलेली रास नाही. सगळा हिशेब त्याच्या आणि बहिणीच्या नावावर. वही का मागत नव्हता, सहलीला पोट का दुखत होतं, ते सगळं त्या बोटांवर होतं. आई रानात गेली की मागं का जात होता तेही. तो राखण करत होता.

मी त्याला तिथं समजावत बसले नाही. हे उत्तर त्याच्या आईकडून यायला हवं होतं. बाहेरच्या बाईनं “तुझी चूक नाही” म्हटलं तर लेकरू मान डोलावतं, पण आतून हलत नाही.

आता ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. सांगायचं कधी? मूल शाळेत जायला लागलं की वाट पाहू नका. शाळेच्या पटांगणात, लग्नात, बारशाला, कुणीतरी बोलून जातं, आणि तिथं ऐकलेलं खरं लेकराला घरच्यांवरचा विश्वास गमवायला लावतं. सांगायचं कोणी? ज्याच्या कुशीत ते झोपतं त्यानं. समोरासमोर बसवून, डोळ्यात डोळे घालून सांगायची गरज नाही. हाताला काम असताना लेकरं चांगलं ऐकतात: शेंगा फोडताना, तूर निवडताना. दिवसाउजेडी सांगा, झोपायच्या आधी नको. कसं गेले, कुठं सापडले, यातलं काही सांगायचं नाही. त्यानं विचारलं तर विचारलं तेवढ्याचंच खरं उत्तर, जास्तीचं चित्र नको.

आणि एकट्या कर्जावर थांबू नका, हे माझं कळकळीचं सांगणं. कर्ज होतं, ते खरं. पण तेवढं कर्ज शेजारच्या दोन घरांतही होतं. माणूस जातो तेव्हा त्याचं मन आतून खचलेलं असतं, झोप गेलेली असते, पुढचं दिसेनासं झालेलं असतं, आणि त्या आजाराला वेळेवर कुणी ओळखलेलं नसतं. लेकराला फक्त “कर्जामुळं” सांगितलं तर ते दोन गोष्टी शिकतं: खर्च करणारे आपण दोषी, आणि कर्ज झालं की हाच रस्ता. दोन्ही खोट्या आहेत.

आईंनी आणि मी वाक्यं मिळून ठरवली. त्यांच्याच बोलीत, कारण माझ्या भाषेतली त्यांच्या तोंडी बसेनात. सासूबाईंचा विरोध होता. “पोरीचं लगीन जमायचं न्हाई पुढं,” त्या म्हणत होत्या. आणि सुनेनं नीट लक्ष दिलं नाही असा सल त्यांच्या बोलण्यात सारखा डोकवायचा. त्यांच्याशी मी वेगळी बसले. त्यांचा लेक गेला होता, आणि वर्षभरात त्यांना एकानंही “आजी, तुम्हाला कसं वाटतंय?” असं विचारलं नव्हतं, सगळे सुनेकडेच सही मागायला यायचे. जमिनीचीही धास्ती होती, सून सगळं नावावर करून घेईल अशी. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे मयताच्या वाट्यात बायको, लेकरं आणि आई हे सगळे सारखेच वारस असतात. हे तलाठ्याकडून वारसनोंदीच्या वेळी त्यांच्या कानावर घातलं, तेव्हा त्यांचा आवाज उतरला. अर्ध्याअधिक घरांत सासू-सुनेचं भांडण म्हणून जे दिसतं, ते असं कागदाशी येऊन थांबतं.

सांगायच्या दिवशी आईंनी मला बोलावलं. मी अंगणात बाजेवर बसले, आत गेले नाही. आजी, आई, थोरला तूर निवडत होते. आई म्हणाल्या, “अप्पाला पान लागलं असं म्या सांगितलं होतं. ते खरं न्हवतं. अप्पाचं मन लई आजारी पडलं होतं. त्याला वाटलं आता काहीच व्हायचं न्हाई. त्यानं सोताच सोताचा जीव संपवला. तुज्या दप्तरानं न्हाई, बुटानं न्हाई. तू काहीबी केलं असतंस तरी त्याचं दुखणं तसंच राहिलं असतं. त्याला दवाखाना पायजे होता, आन् ते आमाला मोठ्यांना कळलं न्हाई.”

तो तूर निवडत राहिला. मग म्हणाला, “मला माहीत हाय.” आणि थोड्या वेळानं, “तुजं मन बी आजारी पडतंय का?”

हा प्रश्न येणार हे मी आईंना आधीच सांगून ठेवलं होतं. जवळजवळ प्रत्येक लेकरू हे विचारतं, आणि इथं कोरडं “नाही रे” म्हणून भागत नाही. आई म्हणाल्या, “मला रडू येतं. झोप येत न्हाई कवा कवा. पण म्या सांगते, ताईला सांगते, दवाखान्यात जाते. मी गप बसत न्हाई.” तेव्हा आजी मोठ्यानं रडल्या आणि नातवाला जवळ ओढलं. वर्षभरात त्या घरात सगळे एकत्र रडले ते तेव्हा.

आणखी एक प्रश्न त्यानं मला बाहेर येऊन विचारला: “पोलीस आले होते, मग अप्पांनी गुन्हा केला का?” मुलांना हे वाटतं, आणि मोठ्यांना पत्ता नसतो. मी सांगितलं, अशा प्रत्येक मृत्यूची पोलीस नोंद करतात, तसा नियमच आहे. आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस मोठ्या ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे. हे ऐकून तो तडक आत गेला, आजीला सांगायला.

ज्यांचं प्रकरण अपात्र ठरतं त्या घरांत हे सगळं जास्त कठीण होतं, हेही सांगायला हवं. गाव म्हणतं, कर्ज नव्हतं, म्हणजे बायकोनंच काही केलं असणार. मी अशा बायांना निक्षून सांगते: समितीनं कागद तपासले, तुमचा संसार नाही. आणि बाकीच्या योजना या निकालावर अडलेल्या नाहीत. निकषात बसत असाल तर संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० रुपये तहसीलमधून मिळतात. वडील गेलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, दर मुलामागे महिन्याला २२५० रुपये, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. या बाईंचे दोन्ही अर्ज आम्ही केले. थोरल्याला मी मुद्दाम सांगितलं की हे पैसे तुझ्या आणि बहिणीच्या शिक्षणासाठीच येणार आहेत. लेकराच्या मनातला हिशेब असाही दुरुस्त करावा लागतो.

सांगितल्यावर काही दिवस मूल चिडतं, अंथरूण ओलं करतं, पुन्हा पुन्हा तेच विचारतं. घाबरू नका. पण खाणं-झोप बरेच दिवस बिघडली, “मी पण जातो” असं बोललं, तर थांबायचं नाही. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, नंबरावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आमच्याकडून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात आम्ही मुलांना आणि आयांनाही पाठवतो. आणि फवारणीचं औषध घरात ठेवू नका. कुलपात, लांब, किल्ली एकाकडे. हे प्रत्येक शेतकऱ्याच्या घराला लागू आहे.

या मुलानं पुढच्या सत्रात कंपासपेटी मागितली. साधी नको, वर्गातल्या दुसऱ्या पोराकडे आहे तशीच हवी म्हणून रुसून बसला. सरांनी मला फोन करून सांगितलं, आणि त्या फोनचा मला कुठल्याही सत्कारापेक्षा जास्त आनंद आहे.

आता त्या घरात बोलणं चालू आहे ते धाकटीचं. तिला अजून पान लागल्याचंच माहीत आहे. शाळेत घालायच्या आधी सांगायचं असं आई आणि आजींनी ठरवलंय. थोरला म्हणाला, मी सांगतो तिला. मी म्हटलं, सांगायचं काम आईचं, तू शेजारी बस. त्याला ते फारसं पटलेलं नाही, त्यावर आमचं अजून बोलणं व्हायचंय.