फोंड्यात तीन दिवस? पालखीच्या वारांवर बेत बसवा

तुम्ही विचारले आहे की, पुण्याहून आई-वडील आणि दोन मुलांना घेऊन शनिवार-रविवार-सोमवार अशा जोडून सुट्टीत यायचे आहे, किनाऱ्यावरची गर्दी नको आहे, तर गोव्यातल्या फोंड्यासारख्या लहान शहरात तीन दिवस घालवण्यासारखे काही आहे का. मी फोंड्यातच राहतो. आहे, भरपूर आहे. फक्त मुक्काम इथेच करा. कळंगुटला खोली घेऊन भर दुपारी देवळे बघायला येणाऱ्यांच्या बसगाड्या आम्ही रोज पाहतो. मंगेशीला अर्धा तास, शांतादुर्गेला अर्धा तास, की परत. ऊन तापलेले असते, देव नैवेद्याच्या घाईत असतात, आणि मंडळी घामाघूम होऊन जातात. फोंडा तालुका, म्हणजे आमचा अंत्रुज महाल, खरा दिसतो तो दिवेलागणीनंतर.

शनिवार-रविवार-सोमवार ही सुट्टी तर इथे येण्यासाठी सर्वांत चांगली. म्हार्दोळला म्हाळसेची पालखी रविवारी असते आणि मंगेशीची सोमवारी. दोन्ही देवळे पणजी-फोंडा रस्त्यालगत, एकमेकांपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहेत. वाजतगाजत पालखी देवळाभोवती फिरते, मागून आरती होते, प्रसाद मिळतो. यात बाहेरच्यांसाठी मांडलेले काहीच नाही, गावातली माणसे नेहमीच्या कपड्यांत येतात आणि घरी जातात. तुमच्या आई-वडिलांना हे आवडेल, आणि मुलांनाही समईच्या उजेडातले देऊळ दुपारच्या देवळापेक्षा जास्त लक्षात राहील. सोमवारी रात्रीची परतीची बस धराल तर मंगेशीची पालखी हुकेल. मंगळवारची रजा काढता आली तर काढाच.

इतकी मोठी देवळे एवढ्याशा पट्ट्यात का, हे मुलांना आधी सांगून ठेवा, म्हणजे बघण्याला अर्थ येतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टी, बारदेश, तिसवाडीतली देवळे पाडायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी देव उचलून नदीपलीकडे आदिलशाही मुलखात आणले. मंगेश कुठ्ठाळीहून 1560 साली प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीला आला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, रामनाथ लोटलीहून बांदिवड्याला. फोंडा पोर्तुगिजांच्या हाती गेला तो अठराव्या शतकात, आणि तोवर देवळे पाडण्याचे दिवस सरले होते. कवळ्याचे आजचे देऊळ शाहू महाराजांचे मंत्री नारोराम शेणवी रेगे यांच्या पुढाकाराने 1738 साली उभे राहिले. मूळ गावे सोडून आलेल्या या देवांच्या दारी त्यांचे कुळावी, म्हणजे त्यांना कुलदैवत मानणारी घराणी, आजही मुंबई-कारवारहून येतात.

नागेशीचा नागेश मात्र कुठून आलेला नाही, तो इथलाच. देवळात 1413 सालचा शिलालेख आहे आणि सभामंडपात लाकडावर रामायणातले प्रसंग कोरलेले आहेत. समोरची तळी या भागातली सर्वांत सुंदर, असे माझे मत. मंगेशी आणि शांतादुर्गा यांच्या नावापुढे नागेशी मागे पडते, म्हणून शनिवारी पोहोचल्यावर संध्याकाळी पहिल्यांदा तिथेच जा. कवळे, रामनाथी, महालक्ष्मी, नागेशी ही सगळी जवळजवळ आहेत, पण एका संध्याकाळी दोनच घ्या. चारही एका दमात केली तर दीपस्तंभ कुठला कुठे होता हेही आठवणार नाही.

सकाळी काय, तर एक सकाळ कुळागरासाठी ठेवा. सुपारी, नारळ, केळी, त्यांवर चढलेल्या मिरवेली, मध्ये पाटाचे पाणी. केरी, सावईवेरे, कुर्टी या बाजूला बऱ्याच बागा पाहुण्यांना दाखवतात आणि जेवणही देतात. पावसाळ्यात आलात तर पायात चपलांऐवजी बूट हवेत, जळवा असतात. केरी हे सूरश्री केसरबाई केरकरांचे गाव. जितेंद्र अभिषेकी आणि मास्टर दीनानाथ मंगेशीचे, बा. भ. बोरकर बोरीचे. वडिलांना गाण्याची आवड असेल तर त्यांना या रस्त्यांवरून नुसते फिरवले तरी ते खूश होतील. शहरातल्या राजीव गांधी कलामंदिरात त्या तारखांना मराठी नाटक आहे का, हेही पाहून ठेवा. फोंड्यातला प्रेक्षक नाटक मन लावून बघतो.

फर्मागुढीला शिवरायांचे स्मारक आहे. फोंड्याचा कोट महाराजांनी 1675 साली घेतला, आणि 1683 साली पोर्तुगीज विजरईने त्याला वेढा घातला तेव्हा येसाजी कंकांनी तो लढवला, संभाजीराजे स्वतः धावून आले. जुन्या कोटाचे फारसे काही उरलेले नाही, तेव्हा गडकिल्ल्याच्या अपेक्षेने जाऊ नका. इतिहास माहीत असेल तर अर्धा तास मन लावून थांबा. शहराबाहेर साफा मशीद आहे, 1560 च्या सुमाराची, जांभ्या दगडाची, शेजारी कमानींचे कोनाडे असलेली मोठी तळी. लोक गाडीतूनच बघून पुढे जातात, तुम्ही उतरा.

दूर जायचेच असेल तर तांबडी सुर्ल. साधारण चाळीस किलोमीटर. कदंबांच्या काळातले महादेवाचे देऊळ, जांभ्याच्या मुलखात काळ्या दगडाचे, जंगलात एकटे उभे. त्यासाठी अर्धा दिवस आणि स्वतःची गाडी हवी. पणजी आणि किनारे या वेळी सोडून द्या. एकदा तिकडे वळलात की दिवस वाहनांच्या रांगेत जातो.

जेवणाचे वार सांभाळा. मासे शनिवार-रविवारी दुपारी खाऊन घ्या, सोमवारी घरोघर शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण असते. श्रावणात तर महिनाभर. पण शिवराकही सोसायचे जेवण नाही: खतखते, मुगागाठी, अळसांद्याचे तोंडाक (चवळीसारख्या कडधान्याची रस्सा भाजी), वर सोलकढी. सकाळी बाजारातल्या कुठल्याही जुन्या हॉटेलात शिरून पातळ भाजी, उंडो (गोल पाव) आणि मिरची भजी मागा, मुले पुन्हा मागतील.

आता प्रवास. फोंड्याला रेल्वे नाही. कोकण रेल्वेने आलात तर मडगावला किंवा करमळीला उतरा, दोन्हीकडून रस्त्याने तासाभराच्या आत पोहोचता. आई-वडील बरोबर आहेत, म्हणून मी म्हणेन की तीन दिवसांची गाडी आधीच ठरवा. इथे टॅक्सी महाग पडते, आणि पालखी आटोपून परतताना कदंबची (सरकारी) किंवा खासगी बस मिळेलच असे नाही. देवळांच्या अग्रशाळांत राहायची सोय असते, तिथे आधी कुळाव्यांचा मान असतो. जोडून सुट्टीला त्या लवकर भरतात, तेव्हा देवस्थानच्या कचेरीत आधी फोन करा आणि जागा नसेल तर शहरात हॉटेल घ्या. देवळात अर्धी चड्डी चालत नाही, मोठ्यांनाही नाही, तेव्हा बॅग भरतानाच लक्षात ठेवा. आणि श्रावणात येणे जमले तर म्हार्दोळला जायांची पूजा कधी आहे ते विचारून मगच तिकिटे काढा: त्या दिवशी सगळे देऊळ जाईच्या फुलांनी भरलेले असते.