बुटीकमध्ये नव्या कलेक्शनचं लाँच आणि चित्रप्रदर्शन एकाच संध्याकाळी ठेवावं का?

तुम्ही विचारलंय की तुमचं स्वतःचं छोटं बुटीक आहे, नवं कलेक्शन येतंय, त्याच संध्याकाळी ओळखीतल्या एका चित्रकाराची चित्रं भिंतींवर लावली तर विक्री वाढेल का, आणि त्याच्याकडून भाडं घ्यावं की कमिशन. प्रश्न वाचून गप्प बसवेना, कारण त्या चित्रकाराच्या जागी मी उभी राहिलेली आहे.

आधी स्पष्ट सांगते. दोन्ही एकाच संध्याकाळी ठेवू नका. आणि भाडं तर अजिबात मागू नका.

माझं काम कागदावरचं, जलरंग आणि शाई. बुटीक माझ्या कॉलेजपासूनच्या मैत्रिणीचं. तिनेच आग्रह केला, ‘माझ्या भिंती रिकाम्या आहेत, तुझी चित्रं घरात पडून आहेत, लाव ना.’ लाँच आणि प्रदर्शन एकत्रच ठरलं. आदल्या रात्री मी स्वतः चित्रं टांगली, लेव्हल लावून, प्रत्येकाचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेसमोर येईल असा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले तर भिंतीभिंतीला रॅक लागलेले. कपड्यांच्या रॅकचा दांडा साधारण त्याच उंचीवर येतो. चित्रांचा खालचा अर्धा भाग हँगर आणि बाह्यांच्या मागे गेलेला, वरचा तेवढा दिसतोय. आणि सगळ्यात मोठं चित्र, गेरू आणि काळ्या शाईतलं, जागेवरच नव्हतं.

चौकशी केली तेव्हा कळलं, स्टायलिस्टला ते कलेक्शनचे रंग मारतंय असं वाटलं, म्हणून दुपारीच उतरवून ट्रायल रूममध्ये ठेवलंय. जाऊन पाहिलं तर तिथल्या खुंटीवर टांगलेलं, आणि फ्रेमच्या वरच्या कडेला कुणीतरी जाकीट अडकवलेलं. मी जाकीट काढलं, काच पुसली आणि बाहेर आले. लाँच चालू झालं होतं, तमाशा नको म्हणून बोलले नाही.

खरा घाव पुढे बसला. एक बाई कपडे घालून बघायला आत गेल्या होत्या. त्यांना ते चित्र आवडलं. त्यांनी काउंटरवर येऊन किंमत विचारली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘ते डेकोरेशनचं आहे मॅडम, विकायला नाही.’ मी चार पावलांवर कुणाशी तरी बोलत होते. शब्द कानावर पडून मी वळेपर्यंत त्या बाई पिशवी घेऊन दाराबाहेर. मुलीला मी दोष देत नाही. तिला कुणी यादीच दिली नव्हती, चित्रं विकायची आहेत हेही सांगितलं नव्हतं.

त्यावरून मैत्रिणीशी जे वाजलं ते आजतागायत मिटलेलं नाही. तिचं म्हणणं, जागा माझी, दिवे माझे, माणसं माझ्या यादीतली, तुझं फुकटात नाव झालं. कुठे झालं नाव? आमंत्रणावर ‘सोबत चित्रप्रदर्शन’ एवढंच होतं. ज्या एका बाईंना चित्र हवं होतं, त्यांनाही ते कुणाचं हे कळलं नाही.

तिचा दुसरा मुद्दा, कपड्यांच्या दुकानात चित्र म्हणजे सजावटच, लोक ते तसंच बघणार. हे साफ चूक आहे. पिकासोचं ‘ले दम्वाझेल दाव्हिन्यों’ १९०७ मध्ये काढलेलं, पण ते लोकांसमोर पहिल्यांदा मांडलं गेलं जुलै १९१६ मध्ये, पॅरिसमध्ये, पॉल प्वारे या फॅशन डिझायनरच्या जागेतल्या गॅलरीत. ते प्रदर्शन जुळवून आणलं आंद्रे साल्मों या कवी-समीक्षकाने, म्हणजे चित्रं कळणाऱ्या माणसाने. मिलानमध्ये कार्ला सोझानीने १९९० मध्ये आधी गॅलरी काढली आणि कपड्यांचं दुकान ‘१० कोर्सो कोमो’ त्यानंतर तिच्याच जोडीला उभं राहिलं. ख्रिस्तियन दिऑर तर फॅशनमध्ये येण्याआधी गॅलरीच चालवत होता, १९२८ पासून काही वर्षं. जागा कपड्यांची असण्यात काहीच कमीपणा नाही. चित्राचं काय करायचं हे हँगर लावणारा माणूस ठरवायला लागला की सजावट होते.

आणि कलाकाराला न विचारता त्याच्या मांडणीला हात लावला की काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या बॉनविट टेलर या दुकानाने साल्वादोर दाली या चित्रकाराकडून शोविंडो सजवून घेतल्या. लोकांनी तक्रारी केल्या म्हणून दुकानाने त्यातले पुतळे परस्पर बदलले. दाली आला, विंडोत शिरला आणि मांडणीतला बाथटब त्याने असा ढकलला की तो काच फोडून बाहेर आला. त्याला पोलिसांनी पकडलं. काच फोडण्याचं मी समर्थन करत नाही, पण त्याचा राग मला पुरेपूर समजतो.

आता तुमच्याबद्दल. लाँचला आलेली माणसं एकमेकांना भेटायला आणि कपडे अंगाला लावून बघायला येतात, तेव्हा भिंतीकडे त्यांची पाठ असते. रील काढायच्या म्हणून सगळे दिवे पूर्ण लावलेले असतात. कागदावरच्या जलरंगांवर संग्रहालयं साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत, तैलरंगांना २०० पर्यंत चालतो. एका संध्याकाळीत चित्र खराब होत नाही, पण महिनाभर स्पॉटलाइटखाली ठेवलंत तर रंग उतरतो, आणि उतरलेला रंग परत येत नाही. (वनस्पतींच्या रंगात रंगवलेले कपडे ठेवत असाल तर त्यांनाही जपा. संग्रहालयात कापडाला तीच ५० लक्सची मर्यादा असते.)

त्यामुळे लाँच आधी उरकून घ्या. प्रदर्शनाचं उद्घाटन आठ-दहा दिवसांनी, वेगळं आमंत्रण काढून, चित्रकाराचं नाव तुमच्या बुटीकच्या नावाएवढ्याच अक्षरांत छापून. चित्रं असतील त्या भिंतीपासून रॅक पुढे ओढा किंवा ती भिंत पूर्ण मोकळी सोडा. प्रत्येक चित्राशेजारी नाव, माध्यम, आकार, किंमत. हीच यादी काउंटरवर, आणि काउंटरवरच्या माणसाला ती तोंडपाठ हवी. कुठलं चित्र कुठे लागणार, कधीपर्यंत, फुटलं किंवा डाग पडला तर भरपाई कोण देणार, पैसे किती दिवसांत पोचणार, हे सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या. मैत्री असेल तर आणखीच.

कमिशनचं म्हणाल तर गॅलरी ४० ते ५० टक्के घेतात, कारण गिऱ्हाईक जोडणं, चित्राबद्दल बोलणं, पुढे पाठपुरावा करणं हे त्यांचं रोजचं काम असतं. तुम्ही भिंत देणार आहात. माझ्या मते २० ते २५ टक्के रास्त आहे, तेही चित्र विकलं गेलं तरच. ‘तुझं नाव होईल’ हा मोबदला नाही.

विक्री वाढेल का? त्या संध्याकाळी बहुधा नाही. पण लोकांना दुसऱ्यांदा बोलवायला तुमच्याकडे कारण असेल, आणि चित्रं बघायला आलेला माणूस घाईत नसतो, त्याला कपडेही निवांत दिसतात.

एक-दोन गोष्टी राहिल्या. कलेक्शनचे प्रिंट त्याच चित्रकाराच्या कामातून आलेले असतील तर दोन्ही एकत्रच हवं. स्किआपारेली या फॅशन डिझायनरने १९३७ मध्ये दालीने काढलेला लॉबस्टर पांढऱ्या ड्रेसवर आणला, तिथे कापड आणि चित्र वेगळं काढताच येत नाही. तसंच अँडी वॉरहॉल या चित्रकाराने १९६१ मध्ये त्याच बॉनविट टेलरच्या विंडोत आपली चित्रं पुतळ्यांच्या मागे लावली होती, पण तिथल्या विंडो तो आधीपासून स्वतः सजवत होता. तुमचा चित्रकार स्वतःहून तसं म्हणाला तर माझं वरचं बरंचसं सोडून द्या. आणि जबाबदारी त्याच्यावरही आहेच, फ्रेम, मागच्या तारा, किमतींची यादी हे वेळेत देणं त्याचं काम. आमच्यातले काही जण तिथे ढिले असतात.

तुमच्या चित्रकाराचं काम तैलरंगातलं आहे की कागदावरचं, आणि दुकानात दिवे कसले आहेत, एवढं कळवलंत तर कुठल्या भिंतीवर काय लावायचं हे नेमकं सांगू शकेन.