सराव पाठ वेळेआधीच का संपतो?

प्रश्न : मी छात्राध्यापिका असून सध्या दुसरीच्या वर्गावर सराव पाठ घेत आहे. टाचण काटेकोर काढूनही प्रश्न विचारताच तीच दोन-तीन मुले ओरडून उत्तर देतात, बाकीची गप्प राहतात आणि पाठ वेळेआधीच संपतो. काय करावे?

उत्तर : पाठ लवकर संपतो, कारण आपण थांबत नाही. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले की, शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात; तो अवधी ३ सेकंदांपर्यंत वाढवला, तेव्हा उत्तरे अधिक सविस्तर झाली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. म्हणून ‘बत्तीसमधून सतरा गेले, तर किती उरले?’ असे विचारून मनातल्या मनात पाचपर्यंत मोजावे, मुलांना उत्तर पाटीवर लिहू द्यावे आणि मगच एकाचे नाव घ्यावे. नाव आधी घेतले, तर उरलेला वर्ग सुटलाच म्हणून समजा. ती शांतता सुरुवातीला बोचेल (आपल्याला, मुलांना नव्हे). वर्गशिक्षिकांना मात्र निरीक्षण वहीत नुसता शेरा न देता, कोणत्या बाकावरच्या मुलाला किती वेळा विचारले, याच्या खुणा करण्याची विनंती जरूर करावी.