घाटातल्या वळणावर बाइक बाहेर जाते. शरीर कसे ठेवावे?

वळणावर बाइक बाहेर ओढली जाण्याचे कारण बहुधा हातांत सापडते: भीतीने मुठी आवळल्या की कोपरे ताठ होतात आणि हँडल मोकळेपणाने वळत नाही. म्हणून भार हातांवर न घेता गुडघ्यांनी टाकी घट्ट धरावी, चवडे फूटरेस्टवर ठेवावेत आणि कोपरे सैल सोडावीत.

वेग वळणाआधीच, बाइक सरळ असताना कमी करावा. ताशी ४० ऐवजी ५० किलोमीटरने तेच वळण घेतल्यास बाइक वळवायला लागणारे बल दीडपटीहून अधिक होते आणि ते सारे टायरच्या पकडीतूनच मिळते. डावीकडे वळताना डावी मूठ हलकेच पुढे ढकलावी (उलटे वाटते, पण बाइक याच कृतीने डावीकडे झुकते), छाती किंचित वळणाच्या आतल्या बाजूला न्यावी, म्हणजे त्याच वेगाला बाइक कमी झुकवावी लागते, आणि नजर चाकासमोरच्या खडीवर न खिळवता वळण जिथे सुटते तिथे ठेवावी.

मात्र ताम्हिणीसारख्या घाटात उजव्या वळणावर चाके आपल्या बाजूला असली तरी झुकलेले डोके मधली रेषा ओलांडून समोरच्या एसटीच्या वाटेत जाऊ शकते. तिथे रेषेपासून चांगले मीटरभर डावीकडेच राहावे.