साचे राहू देत, आधी ऑगस्ट सोडव

तुझं पत्र चार पानांचं, त्यात पैशांवर जेमतेम सहा ओळी. वयाने माझ्या मुलाएवढा आहेस, म्हणून अरेतुरे करतो.

तू विचारलंयस ते आधी नीट मांडतो. वय २३, देवगडला ट्रॉलरवर खलाशी, महिना १६,००० आणि जेवण बोटीवर. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, त्या दोन महिन्यांत पगार नाही. तेव्हा गावातल्या काकांच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या कारखान्यात, हात चालवतोस. बँकेत १,६०,०००, घरी आई. काकांचे मुलगे मुंबईला, म्हणून काका म्हणतायत, ‘दीड लाखात साचे घे आणि शाळा तूच चालव.’ बोटीचा शेठ पुढच्या हंगामाच्या पगारातली ६०,००० उचल द्यायला तयार आहे. उचल आणि शिल्लक एकत्र करून साचे घ्यावेत आणि हळूहळू समुद्र सोडावा, असा तुझा बेत.

साचे आत्ता नकोत. उचल तर मुळीच नको.

उचल घेतलीस की १ ऑगस्टला बोटीवर हजर राहावं लागणार. आणि तुझ्या पत्रात जे जिवंत आहे ते सगळं १ ऑगस्टनंतरचं. शाडू मळणं, साच्यातून काढणं, जोडणं, घासणं हे बंदीत उरकतं. रंग आणि डोळ्यांची आखणी शेवटच्या आठवड्यांत. म्हणजे चार वर्षं माती तू मळलीस आणि डोळे दुसऱ्याने काढले. गेल्या वर्षी ट्रॉलरचं इंजिन उघडलं म्हणून तू मागे राहिलास, अकरा मूर्तींची आखणी केलीस, आणि काका म्हणाले, ‘ह्येच्या हातात डोळे आसत.’ त्या अकरा मूर्तींवर तू दीड पान लिहिलंयस. साच्यांवर एक ओळ.

तेव्हा तुला ऑगस्ट-सप्टेंबर सोडवून घ्यायचाय. त्याचा हिशोब सोपा आहे. गेल्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला होती. यंदा अधिक महिन्यामुळे १४ सप्टेंबरला. १ ऑगस्टपासून सुमारे दीड महिना, म्हणजे २४,००० पगार बुडेल. तसाही ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्र खवळलेलाच असतो, बऱ्याच होड्या नारळी पौर्णिमेचा नारळ सोडल्याशिवाय हलत नाहीत. पण त्यानंतरचे दिवस मासळीचे, शेठला माणूस तेव्हाच हवा असतो. म्हणून तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या म्होरक्याशी, आत्ताच बोल, आयत्या वेळी दांडी मारलीस तर पुढची जागा जाईल. तू पगारावर आहेस हे बरं. मासळीच्या वाट्यावर असतास तर हा सौदा फार महाग पडला असता.

आता काकांचा हिशोब. १२० पाट (मूर्तीसाठी घरोघरून येतो तो पाट, म्हणजे एकेक मागणी), सरासरी २,२०० रुपये, म्हणजे २,६४,०००. माती, रंग, मदतनीस मिळून १,१०,००० वजा. उरले १,५४,०००, जवळपास तुझ्या दहा महिन्यांच्या पगाराएवढे. वाचून मलाही क्षणभर वाटलं, सोडावी बोट. पण या आकड्यात काकांच्या हातांची मजुरी कुठेच धरलेली नाही. १२० मूर्तींची आखणी तू एकटा करशील? आणि पाट येतात ते काकांच्या हाताला. आपल्याकडे घरातल्या गणपतीचा तोंडवळा जरा बदलला तरी म्हातारी माणसं चार दिवस तेच बोलतात. तीस-चाळीस पाट गळाले तर नफ्यातलेच जातील.

म्हणून काकांना सांग, दोन वर्षं भागीत करू. साचे त्यांचेच, काही पाटांची आखणी तुझी, आणि पाट घेऊन येणाऱ्यांना काकांनी स्वतः सांगायचं की हा गणपती हा पोरगा करतोय. दुसरं काही लिहून घेतलं नाहीस तरी चालेल, हे वाक्य मात्र त्यांच्या तोंडून यायला हवं.

१,६०,००० मधले ६०,००० मुदत ठेवीत, हात लावायचा नाही. जून ते चतुर्थी साडेतीन महिन्यांच्या घरखर्चाला ४०,०००. माती-रंगातला तुझा वाटा ३५,०००. तो आषाढात जातो आणि मूर्ती घरी जाताना परत येतो. उरलेले २५,००० साच्यांचा पहिला हप्ता म्हणून बाजूला ठेव, दोन वर्षांनी द्यायला. आणि बँकेत जाशील तेव्हा प्रधानमंत्री सुरक्षा विमा घेऊन टाक, वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा. बोटीवर काम करणाऱ्याने तो न घेणं म्हणजे कमाल आहे.

पंतप्रधान विश्वकर्मा योजनेबद्दलही विचारलंयस. तिच्या १८ व्यवसायांत मूर्तिकार आहे (मासेमारीचं जाळं विणणाराही आहे, गंमत बघ). अवजारांना १५,००० आणि ५ टक्क्यांनी पहिलं एक लाख कर्ज, १८ महिन्यांत फेडायचं. पण ती स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला, तेव्हा शाळा तुझ्या हाती आल्यावर बघ. शिवाय हप्ता महिन्याला साधारण ५,८००, आणि गणपतीचे पैसे येतात वर्षातून एका आठवड्यात. तो हप्ता बोटीच्या पगारातूनच जाणार. त्यामुळे निदान कर्ज फिटेतोवर तरी समुद्र सुटत नाही.

एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस. शाळेची खोप कोणाच्या सातबाऱ्यावर आहे? काकांचे मुलगे चतुर्थीला येतीलच. आरती झाल्यावर त्यांच्यासमोर विषय काढ आणि जागेच्या भाड्याचं कागदावर आण.